पोटात रबर, गळ्याशी लाख

जुन्या फाउंटन पेनच्या दांडीवरची ती इवलीशी लिव्हर मला शाळकरी वयापासून खुणावते. निब शाईत बुडवून नखाने लिव्हर उचलली की आतली पट्टी रबरी पिशवीला दाबते; सोडली की पिशवी फुगते आणि शाई ओढून घेते. एवढेच यंत्र. ते कोणी जमवले हे शोधू लागलो, तर अमेरिकेत लागलेला माग थेट आपल्या पळसापर्यंत आला.

१९१२ साली रोह्याचे चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले, तेव्हा आपल्या शाळांत टाक-दौतीचेच राज्य होते. त्याच वर्षी आयोवातल्या फोर्ट मॅडिसनचा जवाहिऱ्या वॉल्टर शेफर दुकानामागच्या खोलीत लिव्हरची पेने बनवू लागला. पेटंट त्याला २५ ऑगस्ट १९०८ रोजीच मिळाले होते, क्रमांक ८९६८६१. त्याआधी कॉंकलिन कंपनीच्या पेनावर पिशवी दाबायला धातूची चंद्रकोर असे. मार्क ट्वेनने तिची तारीफ केली होती. शेफरने ती बाहेर आलेली कोर काढून दांडीत सपाट बसणारी लिव्हर आणली. पुढे जॉर्ज क्रेकर या माणसावरून भांडण पेटले. आधी तो कॉंकलिनचा विक्रेता, मग शेफरचा भागीदार. नंतर वेगळा होऊन त्याने लिव्हरचीच पेने काढली आणि शेफरने त्याला कोर्टात खेचले. पेनांच्या इतिहासात क्रेकर खलनायक ठरला आहे. मला तो तसा वाटत नाही. लिव्हरची पेने खपवण्यात सुरुवातीला त्याच्या विक्रीकौशल्याचा वाटा होताच.

या भांडणापेक्षा मला गुंतवले ते पेनाच्या गळ्याने. पिशवीचे तोंड निबेच्या मागच्या नळीवर चिकटवायचे ते लाखेने, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याने. ही लाख किड्यांची. पळस, बोर, कुसुम या झाडांवर ते पोसले जातात. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलात ती निघते आणि जगाला बहुतेक लाख हिंदुस्थानच पुरवत असे. अमेरिकी पेन शाई धरून ठेवी ते आपल्या जंगलातल्या मालाच्या आधारावर! लाखेची निवडही विचारपूर्वक केलेली. शाईतल्या पाण्याने ती विरघळत नाही, पण बेताच्या उष्णतेने सैल पडते. म्हणून शंभर वर्षांनीही पेन न फोडता उघडता येते. दुरुस्तीची वाट मुळातच ठेवणारी अशी वस्तू आज कोण बनवते?

शाईची बाजूही आपली आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत हॉर्स ब्रँड शाईची पूड आणि वड्या काढल्या. पुढे कॅमल शाई आली. लिव्हरच्या पेनात अशी साधी, पाण्याने धुऊन निघणारी शाईच घालावी. चित्रकलेची पक्की काळी शाई चुकूनही नको, तिच्यात लाखच असते. निबेखालच्या खाचांत ती सुकली की पाण्याने निघत नाही.

आता दुरुस्तीचे. रोह्याकडच्या पावसात आतली पोलादी पट्टी गंजते, म्हणून पेन उघडल्यावर ती आधी पाहावी. नवी पिशवी निवडताना तिचा क्रमांक म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग. सोळा नंबरची पिशवी पाव इंच जाड. ती दांडीच्या टोकाला टेकणार नाही इतकी कापावी, लाख वाळू द्यावी आणि वरून संगजिरे चोळावे. उघडताना दांडी ज्योतीजवळ नेऊ नये, सेल्युलॉइड भडकन पेटते. भरताना लिव्हर हळू सोडून निब दहा आकडे मोजेपर्यंत शाईतच ठेवावी. निब खरखरत असेल तर घासू नका. भिंगातून पाहा, बहुधा दोन पाकळ्या खालीवर झालेल्या असतात, वरची नखाने अलगद दाबली की काम होते. शाई संपत आली की पेन ओकते, कारण हाताच्या उबेने आतली हवा फुगते. अशा वेळी ते भरून घ्यावे.

घरात आजोबांचे असे पेन असेल तर लिव्हर जोराने उचलू नका. आतले रबर वाळून कडक झालेले असते आणि लिव्हरच मोडते. आधी पिशवी बदलून घ्या. मग ते कपाटात ठेवू नका, त्याने रोज लिहा.