सातबारा साऱ्यांचा, लेखणी कोणाची?

आमच्या पुतण्याने पुण्यात बसून मोर्शीच्या वावराची सगळी कागदपत्रे स्कॅन केली आणि इंटरनेटवरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. सातबारे, आठ-अ, वाटणीपत्र, संत्र्याच्या बागेचा मोजणी नकाशा, विहिरीच्या वीजजोडणीची पावती, सारे काही. घरच्यांना आनंद झाला. पण फोल्डर उघडताच अकोल्याच्या ताईचा फोन आला, "मले नुसतं पाह्याचंच काय?"

पुतण्याने भावांना 'संपादक' केले होते आणि ताईला 'दर्शक'. त्याच्या मनात काही काळेबेरे नव्हते. "आत्याला कुठे काही बदलायचंय?" एवढेच त्याचे म्हणणे. पण वडिलार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे कायद्याने २००५ मध्ये देशभर मान्य केले. त्या हक्काच्या कागदांवर बहीण मात्र पाहुणी! ताईला झोंबले ते हेच, आणि मला विचाराल तर तिचे खरे होते.

मग सर्वांनाच संपादक करावे का? इथे मला आपला पटवारी आठवला. (सरकारने त्याला तलाठी म्हटले, २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी केले; वऱ्हाडात तो पटवारीच राहिला.) जमिनीचा सातबारा आज कोणीही घरबसल्या पाहू शकतो. सही नसलेला फुकट पाहता येतो, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उताराही मिळतो. पण बदलायचा झाला तर? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधली वाट अशी: पटवारी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, एक प्रत चावडीवर लावतो. हरकत आली तर ती तक्रारी नोंदवहीत चढते. शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, तेव्हाच सातबारा बदलतो. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा, आणि मधे हरकत घेण्याचा अधिकार. संगणक आला, ई-फेरफार आले, तरी ही घडण तीच राहिली.

२०२१ च्या ई-पीक पाहणीत तर गंमतच झाली. पिकांच्या रकान्यापुरती लेखणी थेट कास्तकाराच्या हाती आली. पऱ्हाटी आहे की तूर, हे तो स्वतः मोबाईलवर फोटोसह नोंदवतो. मालकीच्या रकान्याला मात्र त्याचे बोट लागत नाही. ज्याला जे ठाऊक, तेवढेच त्याने लिहावे, यापेक्षा शहाणी वाटणी मला तरी माहीत नाही.

आमच्या फोल्डरातही दर्शक आणि संपादक यांच्यामध्ये एक तिसरी पायरी होती: टिप्पणीची. कागदाला हात न लावता बाजूला आपले म्हणणे लिहायचे, म्हणजे हरकतच की! आम्ही ठरवले, मूळ कागदांवर भावांनाही, बहिणीलाही फक्त टिप्पणीचा अधिकार. मालकी दादाच्या खात्यात. नवे कागद टाकायला वेगळा फोल्डर, त्यात सगळे संपादक, ताईसुद्धा. कारण संपादक कागद काढून टाकू शकतो आणि बहुधा आणखी कुणालाही आत घेऊ शकतो, हे लक्षात ठेवलेले बरे. आणि 'दुवा ज्याच्याकडे तो कोणीही' ही सोय पुतण्याने उघडी ठेवली होती, ती आधी बंद केली. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटातला दुवा कुठवर जाईल, याचा नेम नसतो. वर्षातून एकदा यादी पाहायची आणि ज्याचे काम संपले त्याचे नाव काढायचे, हेही ठरले. पुतण्याच्या मित्राचे नाव तिथे अजून होते. स्कॅनर त्याचा होता म्हणे.

आठवडाभरात पहिली टिप्पणी ताईचीच आली. बागेच्या सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि वाटणीपत्रातले क्षेत्र जुळत नव्हते. इतकी वर्षे कागद ट्रंकेत होते, आम्ही भावांपैकी कुणीच ते शेजारी ठेवून पाहिले नव्हते. दादा आता तहसील कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज घेऊन जाणार आहे. अर्जावर ताईचीही सही आहे.