गेम जिंकला, तरी पोरगं गप्प का?

मोबाईलवरचा गेम जिंकला की पोरं ओरडतात, गल्लीतल्या दोस्ताला हाका मारून सांगतात, हे घराघरांत पाहायला मिळतं. पण काही गेम वेगळे असतात. ते पूर्ण झाल्यावर पोरगं कानातले हेडफोन काढतं, फोन उलटा ठेवतं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. "हरलास का रे?" म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "नाही, जिंकलो." मग तोंड का उतरलंय? आईच्या मनात लगेच नको नको ते येतं. पैसे लावले असतील का, कुणाशी भांडण झालं असेल का, काही नशापाणी तर नाही?

बऱ्याचदा यातलं काहीच नसतं. गेममधली गोष्ट मनाला लागलेली असते. 'गेम म्हणजे खोटं, खोट्याचं काय दुःख करायचं' असं म्हणून आपण हा विषय उडवून लावतो. पण सिनेमा पाहताना आपणही रडलेलो असतो, आणि तोही खोटाच होता. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर एका गेमची गोष्ट सांगतो.

गेमचं नाव 'धिस वॉर ऑफ माइन'. पोलंड देशाची राजधानी वॉर्सा इथल्या 'इलेव्हन बिट स्टुडिओज' या कंपनीनं तो नोव्हेंबर २०१४ मध्ये आणला. आधी कॉम्प्युटरवर, पुढे मोबाईलवर. युद्धाचे गेम म्हटले की हातात बंदूक आणि समोर शत्रू असंच आपल्याला वाटतं. इथे खेळणारा सैनिक नसतो. वेढ्यात अडकलेल्या शहरातल्या एका पडक्या घरात तीन-चार साधी माणसं लपलेली असतात, आणि त्यांना जगवायचं असतं. एक जण स्वयंपाकी आहे, एक फुटबॉल खेळणारा, एक बातमीदार बाई. दिवसा बाहेर गोळ्या चालतात म्हणून घरातच राहायचं. फळ्या ठोकून चूल, खाट, पाणी गाळायचं साधन बनवायचं. रात्री एकानं झोळी घेऊन बाहेर पडायचं आणि खायला, औषधाला, जळणाला जे मिळेल ते आणायचं. बाकीच्यांनी झोपायचं किंवा दाराशी पहारा द्यायचा. पुस्तक सापडलं तर ते वाचून कुणाचं मन रमवता येतं, किंवा चुलीत घालून ऊब घेता येते. कुणी मेलं तर मेलं. मागे जाऊन ती चाल पुन्हा खेळायची सोय नाही.

खरी मेख पुढे आहे. शहरात एका घरात एक म्हातारा-म्हातारी राहतात. त्यांच्याकडे अन्न आहे, औषध आहे. तुमच्या घरात एक जण तापानं फणफणलेला आणि दोघं दोन दिवसांचे उपाशी. म्हातारा हात उगारत नाही. मागे मागे येतो, नेऊ नका म्हणून विनवतो. नेलं तर तुमच्या माणसांचं पोट भरतं. पण घरी परतल्यावर ज्यानं चोरी केली तो खचतो, आणि जे घरीच होते त्यांनाही ते सलतं. गेममध्ये भुकेसारखीच मनाचीही पायरी दाखवलेली आहे. माणूस आधी उदास होतो, मग फार खचतो, मग पार मोडतो. मोडलेला माणूस सांगितलेलं ऐकत नाही, जमिनीवर बसून राहतो. कुणी घर सोडून जातो, कुणी स्वतःचा जीव घेतो. त्याला सावरायला घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जवळ बसून बोलावं लागतं. उलटही होतं. दारावर टकटक होते, दोन लेकरं आजारी आईसाठी औषध मागायला आलेली असतात. आपल्याकडचं औषध दिलं तर आपली तूट होते, पण घरातल्या माणसांच्या चेहऱ्यावर थोडं तेज येतं.

काही आठवडे असे काढले की युद्धबंदी होते आणि गेम संपतो. शेवटी पडद्यावर हिशेब येतो. कोणत्या दिवशी काय केलंत आणि पुढे प्रत्येकाचं काय झालं. जिवंत राहिलेल्यांपैकी कुणी नव्यानं उभं राहतो, कुणाला केलेलं सोसत नाही. आपण जिंकलेलो असतो. पण त्या म्हाताऱ्याच्या फडताळातली भाकरी आपणच उचलली होती, हेही पडद्यावर समोर असतं.

हे सगळं कल्पनेतून उचललेलं नाही. गेममधलं शहर काल्पनिक असलं तरी बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बोस्नियाची राजधानी सारायेव्हो होती. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, म्हणजे तब्बल १,४२५ दिवस त्या शहराला वेढा होता. चहूबाजूच्या डोंगरांवरून तोफा आणि नेम धरून बसलेले बंदूकधारी. नळाला पाणी नाही, वीज नाही. लोकांनी बागांतली झाडं तोडली, मग घरातलं सामान जाळलं, मग पुस्तकं. पाण्याच्या रांगेत उभं राहणंही जिवावर बेतायचं. विमानतळाच्या खालून सुमारे ८०० मीटरचा बोगदा १९९३ मध्ये खणला गेला, त्यातून पीठ, औषधं, माणसं ये-जा करू लागली. वेढा सुरू झाल्याला वीस वर्षं झाली तेव्हा, एप्रिल २०१२ मध्ये, शहराच्या मुख्य रस्त्यावर मृतांसाठी ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातल्या ६४३ लहान आकाराच्या होत्या. त्या लेकरांच्या. लोकांनी येऊन त्या छोट्या खुर्च्यांवर फुलं आणि खेळणी ठेवली.

मदत म्हणून आलेल्या डबाबंद मांसाची तिथल्या लोकांना इतकी शिसारी बसली होती की २००७ मध्ये शहरात त्या डब्याचंच भलंमोठं स्मारक उभारलं. रेशनच्या रांगेत जे हातात पडेल ते निमूट घेतलेल्या कुणालाही त्यातली खोच वेगळी समजवावी लागणार नाही.

पोलंडच्या सरकारनं २०२० मध्ये हा गेम शाळांच्या शिफारस यादीत घेतला, पण तिथेही १८ वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठीच. हे आपण लक्षात ठेवायचं. माझं मत विचाराल तर गेम चांगला आहे, डोक्याला विचार देणारा आहे, पण सहावी-सातवीतल्या पोरासाठी नाही. त्यात आत्महत्या आहे, बाईवरच्या जबरदस्तीची धमकी आहे. फोनवर सहज उतरवून घेता येतो म्हणून तो पोरांचा खेळ होत नाही.

आता तब्येतीचं बोलू. असा गेम संपल्यावर मनात एकाच वेळी दोन-तीन गोष्टी येतात आणि त्या एकमेकींना छेद देतात. संपवल्याचं समाधान असतं. केलेल्या निवडीची टोचणी असते. आणि पोकळी असते, कारण पंधरा-वीस रात्री ज्या माणसांची काळजी घेतली ती आज अचानक नाहीत. सिनेमात वाईट कृत्य दुसरा करतो, आपण पाहतो. गेममध्ये बोट आपलं असतं. म्हणून सिनेमानंतर 'तो वाईट वागला' असं वाटतं आणि गेमनंतर 'मी वाईट वागलो'. हा फरक छोटा नाही. टीव्हीवरच्या, रेडिओवरच्या माणसांशी आपलं एकतर्फी नातं जडतं हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलं होतं. मालिकेतली सून मेली की शेजारची मावशी दोन दिवस हळहळते, ते हेच. गेममध्ये त्या नात्यात जबाबदारीही येते.

काही गेम तर निवडही देत नाहीत. २०१३ चा 'द लास्ट ऑफ अस' हा अमेरिकेतल्या 'नॉटी डॉग' कंपनीचा गेम, ज्यावर २०२३ मध्ये मालिकाही निघाली, त्याचा शेवट असाच आहे. (ज्यांना तो खेळायचा किंवा पाहायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) रोगानं जग उद्ध्वस्त झालेलं. एका पोरीच्या अंगात त्या रोगाचा प्रतिकार आहे, पण तिच्यापासून औषध करायचं तर ती मरणार. तिला लेकीसारखा जीव लावलेला माणूस इस्पितळात घुसून डॉक्टरला मारतो, तिला उचलून नेतो आणि नंतर तिच्याशी खोटं बोलतो. खेळणाऱ्यानं त्या डॉक्टरला मारल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. बापाच्या जागी कुणीही हेच करील असं वाटतं, आणि तरीही हे बरोबर नव्हतं असंही वाटतं. दोन्ही खरं. पोरगं गप्प बसतं ते त्यामुळे. आजाराचं ते लक्षण नाही. दुसऱ्याचं दुःख कळणारं मन शाबूत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र एक गोष्ट घरातल्यांनी बघायला हवी. दहा बाय बाराच्या खोलीत सगळे झोपल्यावर, गोधडीत तोंड घालून, पहाटे दोन-तीनपर्यंत हे गेम खेळले जातात. घरात वेगळी जागा नाही आणि दिवसा गोंगाट, म्हणून रात्रच पोराची स्वतःची. पंधरा दिवस असं जागरण झालं की गेम कोणताही असो, चिडचिड होते, डोकं जड राहतं, भूक मंदावते. चौदा ते सतरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते, मोठ्या माणसाला किमान सात. तेव्हा उदासी दिसली तर आधी तीन-चार रात्री पुरी झोप होऊ द्या. निम्मं ओझं तिथेच उतरतं. उरलेलं बोलण्यानं उतरतं.

बोलायचं कसं? फोन हिसकावून घेऊन तर नाहीच. त्यानं पोराला एवढंच कळतं की या घरात हे बोलायचं नाही. जेवताना सहज विचारा, "कोण वाचलं रे शेवटी?" तो सांगायला लागला की मध्ये थांबवू नका. "तू काय केलंस मग?" असं विचारा आणि त्यानं चोरी केली म्हणाला तर लगेच उपदेश सुरू करू नका. एखादी आजी अशा वेळी फार कामाची. बहात्तरच्या दुष्काळात काय खाल्लं, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना कुणी कुणाला भाकरी दिली, हे तिच्या तोंडून ऐकलं की गेममधला प्रश्न घरातलाच निघतो. गेम संपवलेल्या पोराला ती गोष्ट एरवीपेक्षा जास्त समजते.

ज्या घरावर नुकतंच काही ओढवलं आहे तिथे थोडं जपून. झोपडं पाडलं गेलं, आगीत सामान गेलं, घरातला कमावता माणूस गेला, अशा वेळी उपासमारीचा आणि मरणाचा गेम जुनी जखम उघडी करू शकतो. त्या काळात तो बाजूला ठेवायला सांगणं यात वावगं काही नाही.

साधारणपणे ही हुरहुर चार-आठ दिवसांत ओसरते. पोरगं दोस्तांत मिसळतं, दुसरं काही करायला लागतं. पण दोन आठवडे झाले, जवळजवळ रोज दिवसभर उदासी आहे, कशातच मन लागत नाही, जेवण-झोप बिघडली, 'माझ्यामुळेच सगळं वाईट होतं', 'मी नसलो तर बरं' असं बोलणं येतंय, तर मग तो गेमचा विषय राहिला नाही. गेम निमित्त असेल, दुखणं आधीचं असू शकतं. मरणाचं बोलणं आलं तर दोन आठवडे थांबायचंही नाही, त्याच दिवशी हालचाल करायची आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

व्यसन ही गोष्ट आणखी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार नोंदवला आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ जाणं, नुकसान दिसत असूनही तो वाढतच राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालून शाळा, काम, घर यांचा बोजवारा उडणं, तेव्हा तो विकार म्हणायचा. एक गोष्ट-गेम संपवून दोन दिवस हिरमुसलेल्या मुलाला 'गेमवेडा' ठरवू नका. गोष्टीच्या गेमला शेवट असतो. पैसे लावायचे आणि कधीच न संपणारे गेम हा वेगळा मामला, त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

मदतीसाठी सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. मुलगा बोलायला तयार नसेल तर आई-वडिलांनी, मोठ्या बहिणीनंही फोन केला तरी चालतो. गेमचं नाव पाठ असायची गरज नाही. झोप कधीपासून नाही, जेवण किती कमी झालं, काय काय बोलतो, एवढं सांगितलं तरी पुरे.