उन्हाळी प्रवास आणि हवामानाचा नकाशा

वार्षिक परीक्षा आटोपल्या की महाराष्ट्रातील घराघरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणाला विदर्भातील लग्नकार्याला जायचे असते, कोणाला मुलांना आजोळी पोहोचवायचे असते, तर कोणाला वडीलधाऱ्यांना काशी-प्रयागाची यात्रा घडवायची असते. रजेचा अर्ज, गाडीचे आरक्षण, मुक्कामाची सोय यांचा खल महिना-दोन महिने आधीपासून चालतो. ज्या हवेत हा सारा प्रवास घडायचा, तिचा विचार मात्र ‘उन्हाळा म्हटला की ऊन असणारच’ एवढ्या एका वाक्यात संपतो. वस्तुतः हवामानाचा अंदाज आज पूर्वीइतका दुर्मिळ किंवा मोघम राहिलेला नाही. भारतीय हवामान खात्याचे जिल्हावार रंगीत नकाशे कोणालाही रोज विनामूल्य पाहता येतात. उणीव आहे ती नकाशांची नव्हे, तर ते वाचण्याच्या सवयीची.

या उदासीनतेची किंमत मोठी असते. मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा सुमारे तेराशे मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासातून निष्पन्न झाले. २०१५ च्या लाटेत आंध्र प्रदेश व तेलंगणात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. पूर वा वादळ दिसते, त्याचा आवाज होतो. उष्णता मात्र निःशब्दपणे बळी घेते. म्हणूनच तिची चाहूल कागदावर आधी ओळखणे अगत्याचे ठरते.

लाट कशाला म्हणावे?

सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश झाल्याखेरीज हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार करीत नाही. एवढे तापमान त्या ठिकाणच्या सरासरीहून ४.५ अंश किंवा अधिक असेल, तर ती लाट, ६.४ अंशांहून अधिक असेल, तर तीव्र लाट. सपाट प्रदेशात सरासरी काहीही असली तरी पारा ४५ अंशांना भिडला की लाट आणि ४७ अंशांना भिडला की तीव्र लाट मानली जाते. शिवाय ही स्थिती एका उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस टिकावी लागते.

व्याख्या शास्त्रशुद्ध आहे. पण तिच्यातच प्रवाशाला चकवणारी एक गोष्ट दडलेली आहे. लाट मोजली जाते ती मुख्यतः त्या-त्या गावाच्या सरासरीवरून. त्यामुळे मे महिन्यात पुण्यात ४२ अंश म्हणजे लाट ठरते आणि चंद्रपुरात ४४ अंश म्हणजे जवळजवळ नेहमीचा दिवस ठरतो. चंद्रपूरच्या रहिवाशाला हा न्याय लागू पडतो. त्याचे शरीर, त्याचे घर, त्याच्या कामाच्या वेळा या उन्हाला सरावलेल्या असतात. पण रत्नागिरीहून तेथे लग्नाला गेलेल्या कुटुंबाचे काय? मे महिन्यात रत्नागिरीचे कमाल तापमान ३३ अंशांच्या आसपास असते. म्हणजे नकाशावर कोणताही इशारा नसलेल्या दिवशी हे कुटुंब आपल्या सवयीपेक्षा दहा-अकरा अंश अधिक उष्णतेत वावरत असते. नव्या उष्णतेला शरीर सरावण्यास साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात, आणि लग्नाचा मुक्काम बहुधा चार दिवसांचाच असतो.

तेव्हा पाहुण्याने इशारा मोजायचा तो यजमानाच्या गावाच्या सरासरीवरून नव्हे, तर स्वतःच्या गावाच्या सरासरीवरून. विदर्भातील शाळा जूनमध्ये उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. राज्य एक असले तरी उन्हाळा एक नाही, हे शिक्षण खात्याने केव्हाच मान्य केले आहे; प्रवाशाने ते मान्य करायचे राहिले आहे.

नकाशातील चार खुणा

नकाशा पाहताना बहुतेकांची नजर कमाल तापमानाच्या आकड्यावर जाते व तेथेच थांबते. हा आकडा सावलीतला असतो. लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, खेळत्या हवेत ठेवलेल्या तापमापकाने तो दिलेला असतो. पत्र्याच्या मांडवात किंवा दुपारी फलाटावर उभ्या असलेल्या डब्यात उष्मा त्याहून बराच अधिक असतो. म्हणून पहिली खूण ही, की आकडा केवळ वाचू नये, त्यात परिस्थितीची भर घालावी.

दुसरी खूण किमान तापमानाची. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीचा गारवा सावरून धरतो. रात्रही उकाड्यात गेली, तर दुसऱ्या दिवसाच्या उन्हाशी झुंजायचे बळ उरत नाही. सलग दोन-तीन रात्रींचे किमान तापमान सरासरीच्या बरेच वर दाखविले असेल, तर वृद्ध व तान्ही मुले बरोबर असणाऱ्यांनी ते दिवस टाळणेच श्रेयस्कर.

तिसरी खूण वारा व दमटपणा यांची. कोकणाला उन्हाळा सुसह्य होतो तो दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांमुळे. जमिनीकडून येणारा पूर्वेचा वारा जोरकस असला की खारे वारे उशिरा सुटतात आणि मार्चमध्येही मुंबई होरपळते. उलट हवा दमट असेल, तर घाम वाळत नाही आणि आकडा साधा दिसूनही धोका वाढतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी जवळच्या केंद्रावरील कमाल तापमान सुमारे ३८ अंश होते. नागपूरकराला हा आकडा ऐकून घामही फुटला नसता!

चौथी खूण विद्यार्थ्यांना विशेष रुचावी अशी आहे. सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील हवेचे तापमान दाखविणारे नकाशेही आता सर्वांना पाहता येतात. कोरडी हवा एक किलोमीटर खाली उतरली की सुमारे दहा अंशांनी तापते. म्हणजे निरभ्र, कोरड्या दुपारी त्या उंचीवर ३० अंश असतील, तर समुद्रसपाटीलगतच्या प्रदेशात पारा ४५ अंशांच्या घरात जाणार. त्याहून वरच्या थरांत जास्त दाबाचे क्षेत्र मध्य भारतावर ठाण मांडून बसले असेल, तर हवा खाली उतरत राहते, ढग धरत नाहीत आणि वायव्येकडील वाळवंटी वाऱ्यांची साथ मिळाली की लाट लांबते.

भाकित नव्हे, शक्यता

मग हे सारे किती आधी कळू शकते? येथेच प्रवाशाची खरी अडचण आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी मिळू लागले. पण ६० दिवसांनंतरच्या विशिष्ट दिवसाची हवा सांगणे कोणत्याही शास्त्राला शक्य नाही. आरंभीच्या स्थितीतील सूक्ष्म फरकही पुढे वाढत जातो. म्हणून आता संगणकावर एकच अंदाज न मांडता किंचित वेगळ्या आरंभांपासून अनेक अंदाज मांडले जातात. युरोपीय केंद्रात ही पद्धत १९९२ पासून रूढ आहे आणि भारतातही ती वापरली जाते. हे सारे अंदाज एकमुखाने बोलत असतील, तर भरवसा अधिक. त्यांच्यात फाटाफूट असेल, तर निर्णय दोन दिवस पुढे ढकलावा. एखादा आकडा आज ४६, उद्या ४१ आणि परवा पुन्हा ४५ असा हेलकावत असेल, तर त्यातील एकाही आकड्यावर विसंबू नये.

यावरून नियोजनाच्या तीन पायऱ्या ओघानेच येतात. तिकीट काढताना गाव व महिना निवडावा तो तीस वर्षांच्या सरासरीवरून. दोन-तीन आठवडे आधी, हवामान खाते दर गुरुवारी प्रसिद्ध करते तो विस्तारित मुदतीचा अंदाज पाहून केवळ कल लक्षात घ्यावा. निघण्यापूर्वीच्या चार-पाच दिवसांत मात्र जिल्हावार इशारा रोज पाहावा आणि त्याप्रमाणे गाडीची वेळ, दर्शनाचा प्रहर, मुक्कामाचा क्रम बदलावा. प्रवास रद्दच करावा असे नव्हे. पुष्कळदा दुपारचा प्रवास पहाटे नेला तरी पुरते.

जे घरी राहतात त्यांचाही विचार त्यात असावा. २००३ मध्ये युरोपातील भीषण लाट फ्रान्सवर ऐन ऑगस्टच्या सुट्टीत आली. कुटुंबे बाहेरगावी होती आणि शहरांत मागे राहिलेली एकाकी वृद्ध माणसे मोठ्या संख्येने मरण पावली. सुट्टीवर जाणाऱ्याने स्वतःच्या गावाचा नकाशाही पाहायचा असतो, तो यासाठी.

१९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. पुढे ते दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरातील ती वास्तू आजही ‘सिमला ऑफिस’ या नावाने ओळखली जाते. एवढ्या जुन्या परंपरेच्या शेजारी राहूनही हवामानाचा नकाशा महाराष्ट्रात सामान्य ज्ञानाचा विषय झालेला नाही. समदाब रेषा परीक्षेपुरत्या पाठ होतात व सुट्टी लागताच विसरल्या जातात. मार्च-एप्रिलमध्ये प्रत्येक शाळेने आपल्या गावाचे कमाल व किमान तापमान आणि त्यांची सरासरी फळ्यावर रोज लिहिण्याचा परिपाठ ठेवला, तर खर्च खडूच्या तुकड्याचा होईल. पण त्या शाळेतील मूल मे महिन्यात घरच्यांना विचारील, “आपण जातो आहोत तिथली रात्र किती अंशांची आहे?” या प्रश्नाचे उत्तर शोधून मगच घराला कुलूप लावणारी कुटुंबे जितकी वाढतील, तितके उन्हाचे बळी कमी होतील.