हिंदी येते, पण बोलता येत नाही



गेल्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगून सुरुवात करतो. आपल्या शाळेतील एका विद्यार्थ्याची आई, लग्न होऊन जळगावकडून इकडे आलेली, धाकट्या मुलाला घेऊन परगावच्या एका दवाखान्यात गेली. मुलाला रात्रीपासून हगवण लागली होती. तिने खिडकीवर सांगितले, "बच्चे को जुलाब हुआ है." समोरच्या कंपाउंडरने विचारले, "जुलाब दिया? किसने दिया?" तिला वाटले, आधी कोणाचे औषध चालू होते असे ते विचारत आहेत. ती म्हणाली, "घर में ही हुआ." मग लहान मुलाला घरच्या घरी जुलाब दिल्याबद्दल तिला चार माणसांत बोलणी खावी लागली. रांगेतल्या एका बाईंनी "अरे, दस्त लगे हैं बच्चे को" असे सांगितले तेव्हा कुठे उलगडा झाला. हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ होण्याचे औषध. आपण ज्याला जुलाब म्हणतो त्याला हिंदीत दस्त म्हणतात.

मूल दोन दिवसांत बरे झाले. पण ती आई त्यानंतर एकटी दवाखान्यात गेलेली नाही, नणंदेला बरोबर नेते. पालक-सभेतही ती शेवटच्या बाकावर गप्प बसते. तिच्यासारख्या गप्प बसणाऱ्या माता आम्हाला दर वर्षी दिसतात. विचारले तर सगळ्या हेच म्हणतात की हिंदी आम्हाला येते, सिनेमा समजतो, टीव्ही समजतो, पण बोलायला तोंड उघडत नाही. म्हणून हा लेख.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना हिंदी शिकवण्याची एक योजना आहे. तिच्यात प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ अशा चढत्या पायऱ्या आहेत. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम बोलणाऱ्यांनी प्रबोधपासून आरंभ करायचा. पंजाबी, उर्दू, काश्मीरी बोलणारे एकदम प्राज्ञला बसतात. मराठी, गुजराती, बंगाली, ओडिया, असमिया ज्यांची मातृभाषा आहे त्यांना पहिली पायरी माफ, त्यांनी प्रवीणपासून सुरू करायचे. म्हणजे सरकारी हिशेबाने मराठी माणूस मधल्या पायरीवरच उभा असतो. आमच्या अनुभवाप्रमाणे अडचण इथेच आहे. जिना न चढता मधल्या पायरीवर पोचलेल्या माणसाला पुढची पायरी कशी चढायची ते कोणी शिकवत नाही, आणि तो तिथेच राहतो. लिपी एक, निम्मे शब्द एक, म्हणून शिकण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही.

शब्द एक आणि अर्थ दोन, हा पहिला खड्डा. यात आम्ही स्वतः पडलेलो आहोत, फक्त उलट्या बाजूने. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. घरी मराठी, बाहेर हिंदी. एकदा पुण्याला नात्यातल्या लग्नात आम्ही मुलीकडच्या बाजूने मोठ्या तोऱ्यात सांगितले, "मुलीची सगळी शिक्षा इंदूरलाच झाली आणि आम्हाला तिचा गर्व आहे." मांडवात क्षणभर शांतता, मग हसू. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. आणि हिंदीत चांगला असलेला गर्व मराठीत वाईट. ज्याला मराठीत अभिमान म्हणावे त्याला हिंदीत गर्व म्हणावे, आणि हिंदीत एखाद्याला अभिमानी म्हटले तर तो घमेंडखोर ठरतो. आपल्या शाळेच्या प्रगतिपत्रकावर "हमें इस छात्र पर गर्व है" असे वाचून एक आजी काळजीत पडल्या होत्या, त्यांची काय चूक?

असे शब्द पुष्कळ आहेत. मुलगा "चेष्टा कर रहा है" असे हिंदी शिक्षक म्हणाले तर तो थट्टा करीत नसून प्रयत्न करतो आहे. "सूचना" म्हणजे केवळ माहिती. "संसार" म्हणजे सगळे जग. "संशोधन" म्हणजे दुरुस्ती. डबा "खाली" आहे म्हणजे रिकामा आहे. स्वयंपाकघरात तर जपूनच बोलावे. भाजीत मीठ कमी आहे हे सांगताना "मीठा कम है" म्हटले की शेजारीण साखरेचा डबा पुढे करते. मीठ म्हणजे नमक. थोरल्या मुलीची ओळख "ये मेरी मोटी लड़की" अशी करून दिली तर ती मुलगी आईशी दोन दिवस बोलणार नाही, कारण हिंदीत मोटी म्हणजे लठ्ठ. मोठी म्हणजे बड़ी. बाळ रडते आहे, त्याला "बाल" म्हणू नये, ते डोक्यावर असतात. आणि ताई म्हणजे हिंदीत बहीण नव्हे, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तरुण मुलीला ताई म्हटले की ती चमकते.

दुसरी अडचण लिंगाची. मराठीत तीन लिंगे, हिंदीत दोन. आपली नपुंसकलिंगी नामे हिंदीत गेली की त्यांना कुठेतरी बसवावे लागते. घर आणि पानी पुरुषांत गेले, पुस्तक आणि नाक बायकांत. जी आधीच आपल्याकडे पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी आहेत ती सुद्धा पक्ष बदलतात. आपला आवाज मोठा होतो, हिंदीत आवाज ऊँची होती है. आपला आत्मा तो, हिंदीत ती. आपला विजय झाला, हिंदीत विजय हुई. आपल्याकडे व्यक्ती ती असते, मग ती मिशीवाली का असेना. हिंदीत व्यक्ति हा तो आहे. आणि चहा! चहा झाला, चहा घेतला, चहा गार झाला असे आपण दिवसातून चार वेळा म्हणतो. हिंदीत चाय बनी, चाय ली, चाय ठंडी हो गई. "चाय अच्छा बना है" हे वाक्य ऐकले की बोलणारा मराठी आहे हे मालव्यात कोणीही ओळखतो.

याला नियम पाठ करून उपयोग नाही. आम्ही मुलांना सांगतो तेच पालकांना सांगतो. नुसता शब्द शिकू नका, विशेषण लावून शिका. चाय नव्हे, ठंडी चाय. किताब नव्हे, मेरी किताब. दही म्हणायचे तर खट्टा दही. जोडी तोंडात बसली की लिंग आपोआप बरोबर येते.

तिसरी गोष्ट "ने"ची. ही जरा सावकाश वाचावी, कारण मधल्या पायरीवरचा खरा अडसर हाच आहे. मराठीत "त्याने पोळी केली" म्हणतो, पण स्वतःबद्दल "मी पोळी केली". मी आणि तू यांना "ने" लागत नाही. हिंदीत सगळ्यांना लागतो. मैंने, तूने, तुमने, आपने, उसने. त्यामुळे आपण "मैं रोटी बनाई" म्हणून मोकळे होतो. शिवाय काही क्रियापदे मराठीत "ने" घेत नाहीत पण हिंदीत घेतात. "तो म्हणाला" हे "उसने कहा" होते. "मी शिकले" हे "मैंने सीखा" होते. याच्या उलट "त्याने भाजी आणली" यात मराठीत "ने" आहे, पण हिंदीत "वह सब्जी लाया", तिथे "ने" नाही.

"मी चहा प्यायलो", "मी चहा प्यायले" असे मराठीत पुरुष आणि बाई वेगवेगळे म्हणतात, क्रियापद पिणाऱ्याकडे पाहते. हिंदीत दोघांनीही "मैंने चाय पी" असेच म्हणायचे. क्रियापद चहाकडे पाहते. हे अवघड वाटते, पण आपल्या भाषेत ही रीत आहेच. "मी चहा केला, मी पोळी केली" यात बाई बोलते की पुरुष हे कुठे कळते? तीच रीत हिंदीत आणखी काही क्रियापदांना लावायची, एवढेच.

यासाठी आम्ही सुचवतो तो अभ्यास साधा आहे. रोज संध्याकाळी पाच मिनिटे एखाद्या हिंदी शेजारणीला आज सकाळपासून काय काय केले ते सांगायचे. भूतकाळ आला की "ने" आलाच. पुस्तकातून हे होत नाही. मधेच शब्द अडला तर गप्प न बसता "इसे हिंदी में क्या कहते हैं?" विचारायचे, समजले नाही तर "जरा फिर से कहिए" म्हणायचे. दवाखान्यातल्या त्या आईला हे एक वाक्य आठवले असते तर पुढचे सगळे टळले असते.

आता आदराचे बोलू. आपल्या "तुम्ही"त मान आहे. हिंदी "तुम"मध्ये तो नाही, ते बरोबरीच्या किंवा लहान माणसासाठी. "डॉक्टर साहब, तुम बताओ" असे आपण अगदी नम्रपणे म्हणतो आणि समोरच्याच्या कपाळाला आठी पडते. तुम्ही म्हणजे आप, हे एकदाच मनावर कोरून घ्यावे. घरातली गोष्ट वेगळी. आपण आईला प्रेमाने "तू" म्हणतो, "आई आली" म्हणतो. हिंदी घरातून आलेली सून सासूबद्दल "माताजी आ गई हैं" असे अनेकवचनी बोलते. तिला आपले "आई आली" उद्धट वाटते, आपल्याला तिचे बोलणे परके वाटते. दोघींचेही बरोबर असते.

आपल्या भागाची हिंदी पुस्तकी नाही हेही लक्षात ठेवावे. तिच्यात माळवी आहे, निमाडी आहे. यातले काही मराठी माणसाला फुकटात मिळालेले आहे. इंदूर-देवासकडचे हिंदी लोक प्याजला कांदा म्हणतात. "अपन चलते हैं" मधला अपन म्हणजे आपलाच आपण, ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारा. "मेरे को" हाटात चालते. अर्जात मात्र "मुझे" लिहावे. सवा, डेढ़, ढाई, साढ़े, पौने हे तर सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणेच आहेत. आकड्यांत फक्त 89 जपावे. आपले एकोणनव्वद, त्यांचे नवासी, आणि 79 ला उनासी. दुकानदाराशी दहा रुपयांचा वाद यातूनच होतो.

उच्चाराचे थोडक्यात सांगतो. लिपी एक असल्यामुळे आपण हिंदी मराठीसारखी वाचतो. पैसा हा "पइसा" नव्हे, कौन हा "कउन" नव्हे. चोर, चमचा यांतला च हिंदीत नेहमी चहातल्या च सारखा. ज्ञान हे "ग्यान". एवढे सांभाळले तर पुरे. बोलण्याची मराठी ढब राहिली तर राहू द्यावी, तिची लाज बाळगण्याचे कारण नाही.

मराठी घरातून आलेल्यांनी हिंदी किती वर नेली ते आपल्याच प्रांतात पाहावे. माधवराव सप्रे यांनी 1900 साली "छत्तीसगढ़ मित्र" काढले आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणले. इंदूरच्या "नई दुनिया"चे संपादक राहुल बारपुते मराठीच. मुक्तिबोधांच्या घरात तर थोरले गजानन माधव हिंदीचे कवी झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीचे.

शेवटी एक गंमत, जी खरे तर गंमत नाही. ज्या माता बोलत नाहीत त्यांच्यासाठी मुलेच दुभाषाचे काम करतात. मागच्या सभेत एका हिंदी शिक्षिकेने पाचवीतल्या मुलाची तक्रार केली की तो गृहकार्य करीत नाही आणि वर्गात चेष्टा नव्हे, शरारत करतो. आईने मुलाकडे पाहिले. मुलाने शांतपणे मराठीत सांगितले, "मॅडम म्हणतात, लक्ष देतो, पण आणखी अभ्यास करायला पाहिजे." आई समाधानाने हसली आणि मॅडमना म्हणाली, "थैंक्यू." आम्ही शेजारीच बसलो होतो म्हणून कळले.

तेव्हापासून शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास आम्ही अशा मातांबरोबर शाळेच्या व्हरांड्यात बसतो. पुस्तक नाही, वही नाही, फक्त हिंदीत गप्पा. चुकले तर हसायला सगळ्यांना परवानगी आहे, आम्हालाही हसतात. जळगावची ती आई गेल्या दोन शनिवारी आली. पहिल्या शनिवारी ऐकत होती. दुसऱ्या शनिवारी तिने दवाखान्याची गोष्ट स्वतः हिंदीत सांगितली, "ने" दोनदा चुकवून, पण शेवटपर्यंत.