लखनौ : फौजीच्या घरचा दवाखाना

पुण्याच्या ‘एएफएमसी’ या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून सैन्यात दाखल होणारे डॉक्टर लष्करी धडे गिरवायला लखनौला जातात. आर्मी मेडिकल कोअरचे केंद्र आणि कॉलेज तिथल्या छावणीतच आहे. मध्य कमांडचे कमांड हॉस्पिटलही तिथेच. छोट्या लष्करी रुग्णालयांना न झेपणारा रुग्ण, मग तो जवान असो की त्याची पत्नी वा मूल, इथे पाठवला जातो.

निवृत्तीनंतरची व्यवस्था वेगळी. १ एप्रिल २००३ पासून ‘ईसीएचएस’ ही आरोग्य योजना पेन्शनर माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांना सांभाळते. आधी योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये तिचे कार्ड दाखवायचे. तिथला डॉक्टर तपासून गरजेप्रमाणे लष्करी किंवा करारातल्या खासगी रुग्णालयाचे रेफरल देतो.

खरी धांदल उडते ती दुखणे अचानक उद्भवल्यावर. तेव्हा रेफरलसाठी अजिबात थांबू नये, जवळचे रुग्णालय गाठावे. ते करारातले नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे. खर्च आधी आपणच करायचा, परतावा मागाहून, तोही सरकारी दरानेच. पेन्शनर स्वतः बेशुद्ध असला तर ही सारी धावपळ घरच्यांवर येते. कार्ड कुठल्या कपाटात आहे, हे बायकोमुलांना ठाऊक हवेच.