विसर पडतो तो वयामुळेच का?



उसाचे पान पिवळे पडले की आपण माती तपासून लोह, जस्त देतो. पण घरातले म्हातारे माणूस विसरू लागले, की “वय झालं, चालायचंच” म्हणून सोडून देतो. दोष दरवेळी वयाचाच असतो असे नाही.

मेंदू व मज्जातंतूंना ब-१२ जीवनसत्त्व लागते. रोज सुमारे २.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे तिळाच्या हजाराव्या भागाएवढे! ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते, भाजी-भाकरीत नसते. यकृतात साठा असल्याने उणीव कळायला वर्षे जातात. मग थकवा, हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसरणे सुरू होते. माळकरी मंडळींनी आणि मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी विशेष जपावे.

डॉक्टरांना विचारून रक्त तपासावे. उणीव निघाली तर गोळ्या किंवा इंजेक्शने घ्यावी लागतात. नुसत्या दुधाने भागत नाही. वेळीच उपचार झाले तर बरेचदा गुण येतो, फार उशीर झाला तर नसांची हानी भरून निघत नाही.

आणि हो, सगळेच दूध डेअरीला घालू नका. वडीलधाऱ्यांसाठी रोज पेलाभर घरी राहू द्या.