कूस बदलण्याचं शास्त्र

1 फेब्रुवारी 1944 रोजी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात कण्याच्या जखमींसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. प्रमुख होते लुडविग गुटमन, 1939 मध्ये नाझी जर्मनीतून निसटून आलेले ज्यू डॉक्टर. मज्जारज्जूला इजा झालेला माणूस फार काळ जगत नाही, असंच तेव्हा धरून चालत. पहिल्या महायुद्धातले असे बहुतेक जखमी शय्याव्रणांतल्या किंवा मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गाने दगावले होते. गुटमन यांनी रुग्णांना जखडून ठेवणारं प्लास्टर काढलं आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायचा नियम घातला. नियम पाळला जातोय का, हे पाहायला ते रात्री स्वतः वॉर्डात येत. माणसं जगू लागली. 1948 मध्ये त्याच आवारात त्यांचे खेळ भरले आणि त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं.

शय्याव्रण म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम. ती होते कशी? हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेंगरतं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि पेशींचा प्राणवायू तुटतो. केशवाहिनीतला दाब पाऱ्याच्या साधारण 32 मिलिमीटरइतका असतो. कठीण जागी बसलं की बैठकीच्या हाडांखाली 100 च्या वर दाब सहज जातो. धडधाकट माणूस अवघडला की नकळत सरकतो, झोपेतही कूस बदलतो. मज्जारज्जू तुटलेल्याला ही सूचनाच मिळत नाही. त्यातही त्वचेच्या आधी हाडालगतचा स्नायू मरतो. वर छोटा डाग दिसतो, तोवर आत पोकळी झालेली असू शकते.

घरच्यांना वाटतं, इस्पितळातून सुटलो, धोका टळला. प्रत्यक्षात तो वर्षागणिक वाढत जातो. हाडावरचा मांसल थर झिजतो, कातडी पातळ होते. वर्षानुवर्षं हातांवर भार देऊन अंग उचलणारे खांदे दुखू लागतात, मग उचलणं टळतं. सांभाळणारी आई किंवा बायकोही थकत जाते. एकदा जखम झालेल्या जागी पुन्हा होण्याची भीती सर्वांत जास्त, कारण भरून आलेली कातडी मूळच्या सुमारे 80 टक्के ताकदीपलीकडे जात नाही. म्हणून पहिल्या वर्षी बसवून दिलेली घडी विसाव्या वर्षी पुरेल असं धरणं घातक आहे. उशी, खुर्ची, बसण्याची पद्धत, सगळंच ठरावीक काळाने तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घ्यायला हवं.

पैसा आणि चोवीस तासांची शुश्रूषा असूनही हे संकट गाठू शकतं. ‘सुपरमॅन’ साकारणारे ख्रिस्तोफर रीव्ह 1995 मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळे झाले. ऑक्टोबर 2004 मध्ये त्यांच्यावर शय्याव्रणातल्या जंतुसंसर्गासाठी उपचार चालू असतानाच हृदय बंद पडून ते गेले. वय 52.

व्हीलचेअरवर हातांनी अंग उचलून लगेच टेकायचं, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मात्र दबलेल्या भागात प्राणवायू पूर्ववत व्हायला सरासरी जवळपास दोन मिनिटं लागतात, असं दिसलं. इतका वेळ कोण तोलून धरणार? त्यापेक्षा पुढे वाकून छाती मांड्यांकडे नेणं किंवा एका कुशीवर कलणं खांद्यांनाही सोसतं.

आपल्याकडे प्रेमापोटी केल्या जाणाऱ्या दोन गोष्टी थांबायलाच हव्यात. बसायला मधे भोक असलेली रबरी चकती देणं आणि हाडावरची लाल झालेली कातडी चोळणं. चकतीच्या कडेने रक्तपुरवठा आणखी अडतो, चोळल्याने आतलं दुखावलेलं मांस फाटतं.

सकाळ-संध्याकाळ आरशात किंवा मोबाइलच्या फोटोत माकडहाड, बैठकीची हाडं, खुबे आणि टाचा बघा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा काळपटपणा, गरमपणा, घट्टपणा हाताने चाचपा. भार काढूनही अर्ध्या तासात डाग गेला नाही, तर त्या जागेवर पुन्हा बसू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.